ठासणीचा हात

भाऊ, तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुला लिहायला बसले आहे. हसू नकोस. अर्ध्या बल्लारपूरच्या पोरांना मी ग म भ न शिकवलं, पण घरातल्या माणसाला सही शिकवताना हात टेकले. तू म्हणायचास, "एका घरात एक शिकलेलं पुरे हाय बाई. दोन झाले तं भांडन होते." भांडणं तरी कुठे थांबली होती? त्यातलं एक अजून अर्धंच राहिलं आहे. तू गेल्याला आज सतरा दिवस झाले आणि मी इकडे एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते आहे.

तेरा दिवस घरात माणसं होती. येणारा प्रत्येकजण तुझी थोरवी सांगत होता. विधवा बहिणीला घरी आणलं, तिला शिकवलं, मास्तरीण केलं, त्यापायी स्वतःचं लग्न केलं नाही. मी नुसती मान डोलवत होते. हे सगळं खरंच आहे आणि त्याचं ओझंही माझ्या पाठीवर आहे. तुझ्या लग्नाचा विषय कोणी काढला की तू म्हणायचास, "एक बाई सांभाळून राह्यलो ना, दुसरी कायले?" लोक हसायचे. मीही हसायचे, आणि त्या हसण्याची मला आता चीड येते. पण मला आज त्यातलं काही सांगायचं नाही. मला त्या यंत्राबद्दल बोलायचं आहे.

तुझ्या कोळशाच्या खाणीवर पंप बसवायला तो परदेशी इंजिनिअर आला होता, आठवतो ना? काळी कडू कॉफी प्यायचा आणि हौसेने सगळ्यांना पाजायचा. तुझ्या गँगमधल्या एकूण एक माणसाने ती त्याची पाठ वळताच थुंकली. तू एकट्याने तोंड वाकडं न करता कप रिकामा केलास. मला घरी येऊन सांगितलंस की चव कडुलिंबासारखी होती, पण पाहुण्याचं मन मोडवलं नाही. त्या एका कपाच्या जोरावर त्याने जाताना आपलं घरचं कॉफीचं यंत्र तुझ्या हवाली केलं. चकचकीत, हातभर उंच, पोटात पाणी, खाली स्टोव्ह, पुढे मूठ लावलेली एक वाटी आणि वर एक दांडा. तू ते उचलून आणलंस तेव्हा मी विचारलं, "हे काय, कोण्या देवळाचा कळस काढून आणला का?"

"एक्सप्रेस हाय हे," तू म्हणालास.

त्याने काहीतरी वेगळंच नाव सांगितलं असणार. तेव्हा तुझे कान अर्धेच उरले होते. स्टेशनच्या गावात राहणारा माणूस, तू एक्सप्रेसच ऐकलंस. पुढे ते यंत्र महिनोन्महिने चालेना, तेव्हा सगळी आळी विचारायची, "भाऊ, एक्सप्रेस लेट हाय का आज?" तुला ते ऐकू यायचं नाही. मी त्यांच्यावर खेकसायचे आणि तू मलाच विचारायचास की बाई, एवढी काऊन तापली.

मग कान पुरते गेले. बावीस वर्षं सुरुंग उडवणाऱ्या माणसाचे कान जाणारच. 'पळा' ही हाक ज्याला ऐकू येत नाही त्याला सुरुंगाजवळ कोण उभं करील? तुला खाणीतून काढलं ते बरोबरच होतं, असं तूच म्हणालास. पण चाळिशीतला धडधाकट माणूस सकाळी उठून दारात बसायचा आणि खाणीवर जाणाऱ्यांकडे बघून हात चोळायचा, ते मला बघवत नव्हतं. मी शाळेत जायला निघाले की तू माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणून द्यायचास. चार पावलं! तेवढंच काम उरलं होतं तुला.

अशात तो आलापल्लीकडचा मॅनेजर आला. सागवानाच्या ठेकेदाराचा जंगलात बंगला होता, त्याची सगळी व्यवस्था हा बघायचा. मूळचा मद्रासकडचा, कॉफीशिवाय ज्याचा दिवस उगवत नाही असा. स्टेशनातल्या गार्डाच्या बायकोने त्याला तुझ्या यंत्राची बातमी दिली, आणि तो सरळ आपल्या दारात. दिवाळीनंतर अमुक रविवारी मी इथून जाईन, म्हणाला, त्या दिवशी मला या यंत्रावरची कॉफी करून पाजा. जमली तर यंत्रासकट तुम्हाला बंगल्यावर नेतो, कायमचं काम. कानांचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, पाणी तापून यंत्राची शिट्टी झाली की खूण करायला तिथे चौकीदार आहे.

मी हे सगळं तुझ्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि तुझा चेहरा असा उजळला की मी तोंड फिरवून चुलीकडे वळले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, सुरुंग ठासणारा माणूस बंगल्यावर कपबशा विसळणार का? मास्तरणीचा भाऊ साहेबाला कॉफी नेऊन देतो, हे शाळेत कोणत्या तोंडाने ऐकू? तू शांतपणे म्हणालास, "कपबशी अंगावर पडली तं मानूस मरत नाई बाई." मी भांडी आपटली. तुला ती ऐकू आली नाहीत. बहिऱ्या माणसाशी भांडण म्हणजे फार मोठी शिक्षा असते, भाऊ. रागाने सांगायची गोष्टसुद्धा खुणा करून सांगावी लागते, आणि खुणा करता करता राग निघून जातो.

पण यंत्र चालू करायला मी तुला मदत केली, हे तू कबूल कर. मनात काहीही असलं तरी हाताने केली. आधी वाटीच्या कडेतून पाणी गळायचं. आतली रबराची चकती वाळून लाकूड झाली होती. तू सायकलच्या ट्यूबची कापून बसवलीस, तर कॉफीला पंक्चरच्या दुकानाचा वास. मग चांभाराकडून चामड्याची करून घेतली, रात्रभर तेलात भिजवली, तेव्हा कुठे गळती थांबली. मग पाणीच येईना. आपल्या विहिरीचं पाणी खारं, त्याचा पांढरा थर पोटात धरला होता. तीन वेळा चिंचेचं पाणी उकळलं, तेव्हा पापुद्रे निघाले. मग कॉफी. मी बिया तव्यावर भाजून जात्यावर दळल्या, तर निम्मं पीठ आणि निम्मी कणी. शेवटी गार्डाच्या बायकोने आपलं दळायचं यंत्र दिलं, आणि वर ऐकवलं की जात्यावर कॉफी दळणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती.

एवढं सगळं झालं तरी एक्सप्रेस हलेना. दांडा दाबला की जागचा सरकत नसे, नाहीतर वाटीच्या एकाच बाजूने पाण्याची धार लागायची आणि कपात पिवळं पाणी.

चूक तुझ्या हातात होती आणि ती करायला खाणीतलाच माणूस हवा होता. सुरुंगाच्या भोकात बारूद भरल्यावर मातीच्या गोळ्या लाकडी काठीने ठासून बसवतात. पहिली गोळी हलक्या हाताने, मग प्रत्येक गोळीला जास्त जोर. भोक असतं समोरच्या कोळशात आडवं, म्हणून ठासणाराही आडवा ठासतो. तू तुझी जुनी खाणीतली धावड्याच्या लाकडाची काठी कापून त्या वाटीच्या मापाची ठासणी केलीस, वाटी भिंतीला आडवी टेकवलीस, एक पाय मागे घेतलास, आणि खांद्याचा सगळा जोर लावून कॉफी ठासलीस. तीन थरांत! त्यातून पाणी काय, वारा गेला नसता. वर दाब अडकलेला असताना तू मूठ फिरवून वाटी काढलीस, तेव्हा फाट्दिशी सगळा गाळ छताला जाऊन चिकटला. आवाज तुला आला नाही, पण काळं छत दिसलं. तू सवयीने हात वर करून ओरडलास, "हटाऽ! बारूद हाय!" पलीकडून शेजारची गिरजाबाई लेकराला काखेत मारून बाहेर पळाली. आपण दोघं त्या दिवशी किती हसलो! मला वाटतं, या घरातलं शेवटचं खरं हसणं तेच.

मग तुला शिकवणं माझ्याकडे आलं. वाटी पाटावर उभी ठेवायची. कोपर ठासणीच्या बरोबर वर. पूड आधी बोटाने सारखी करायची, मग एकदाच दाबायचं, सरळ, आणि सोडायचं. थर नाहीत, ठोके नाहीत. पहिले आठ दिवस तुझा हात डावीकडे कलायचा, आणि ज्या बाजूला पूड उथळ त्या बाजूने पाणी पळायचं. "हे एकाच अंगानं काऊन येऊन राह्यलं?" तू विचारायचास. मी पाटीवर तिरपी रेघ ओढून दाखवायचे. अक्षर शिकायला तयार नसलेला माणूस ती रेघ मात्र लक्ष देऊन बघायचा. जोर किती लावायचा ते सांगायला शब्दच नव्हता, तेव्हा तू ठासणी माझ्या तळहातावर ठेवून दाबायचास आणि माझ्या तोंडाकडे बघायचास. "इतका?" मी मान हलवायचे. "इतका?" अजून थोडा कमी. तुझ्या त्या राकट हाताला एवढं हलकं होता येतं, हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसावं.

राहिली शिट्टी. पाणी तापलं की झडपेतून आधी सूं सूं येतं. मग ती शिट्टी बारीक, सरळ होते, आणि तोच दांडा दाबायचा क्षण. ती पुन्हा जाड झाली की वेळ गेली, कॉफी करपते. तू यंत्राला हात लावून ओळखायचा प्रयत्न केलास, पण स्टोव्हच इतका थरथरायचा की कळायचं नाही. म्हणून मी मागे उभी राहायचे आणि शिट्टी बारीक झाली की तुझ्या खांद्यावर थाप मारायचे. तू म्हणालास, "तुले आयकू येते, मले हाताले समजते. दोघं मिळून एक मानूस होते." दिवाळीपर्यंत कॉफी अशी व्हायला लागली की गार्डाच्या बायकोने दुसरा कप मागून घेतला. खरं सांगते, मलाही आवडायला लागली होती.

तो रविवार आला. सकाळी मी अंगण झाडून आत आले तर दाराशी तुझी वळकटी बांधून ठेवलेली. शेजारी ट्रंक दोरीने आवळलेली. मॅनेजरने अजून चव घेतली नव्हती, पण तुझी तयारी झाली होती. मी त्या वळकटीकडे बघत उभी राहिले. शाळा, कपबशा, लोकांची तोंडं, हे सगळं मी इतके दिवस बोलत होते ते खोटं होतं. लाज नव्हती ती. तू नदीपलीकडे आलापल्लीला जाणार, पावसाळ्याचे चार महिने रस्ता बंद, आणि या खोलीत मी एकटी. विधवा झाले तेव्हा तुझा हात धरून या घरात आले, ती मी एकटी कधी राहिलेच नव्हते. हे तुला एकदा तरी सांगायला हवं होतं. पण तुला सांगायचं म्हणजे ओरडायचं. आपल्या आणि गिरजाबाईच्या मध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत. 'मला सोडून जाऊ नकोस' हे वाक्य ओरडून कसं म्हणतात, भाऊ?

मॅनेजर आला, खुर्चीत बसला. तू पूड सारखी केलीस, कोपर वर घेतलंस, एकदाच दाबलंस. मी बघत होते. तसा हात तुझा आधी कधीच लागला नव्हता. वाटी बसवलीस, दांड्यावर हात ठेवलास आणि नेहमीसारखा खांदा जरा मागे केलास, माझ्या थापेसाठी.

शिट्टी बारीक झाली. मी ऐकली. माझा हात पदरात होता, तो मी तिथेच ठेवला. शाळेत हजेरी घेताना एका बाकाची नावं वाचून व्हावीत इतका वेळ. शिट्टी जाड झाली, वाफ फसफसायला लागली, तेव्हा मी थाप मारली. तू लगेच दांडा दाबलास. मॅनेजरने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि हसून म्हणाला, "फिर देखेंगे." ते ओठांवरून तुला कळलं. तो गेल्यावर तू आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितलास.

"हातच बिघडला," तू म्हणालास.

वळकटी मीच सोडली. आणि खरं सांगू? त्या दिवशी मला बरं वाटलं. वरणात तूप जास्त घातलं मी तुझ्या.

पण मला कुठे माहीत होतं की तू तो हात सोडणार नाहीस! कार्तिक गेला, पौष गेला, आणि तू रोज पाटाशी बसून ठासत राहिलास. कॉफी संपली तर ओली माती घेऊन. ठासणी तीनदा नवी केलीस. कधी म्हणायचास मनगट कलते, कधी म्हणायचास अंगठा जड पडते. शाळेतून मी येईपर्यंत दारात मातीच्या चकत्या ओळीने वाळत पडलेल्या असायच्या, एकसारख्या सपाट, आणि तू त्यांत खोट शोधत असायचास. जी चूक नव्हतीच ती माणसाला सापडेल कशी? रोज मी ठरवायचे, आज सांगू. पाटीवर तिरपी रेघ ओढता येते, सरळ ओढता येते. पण 'मी मुद्दाम केलं' याची रेघ कशी काढायची? आणि तुला अक्षर येत नव्हतं. का नाही शिकलास? का नाही मी कान धरून शिकवलं?

फाल्गुनात ताप आला. छातीत आधीच खाणीची धूळ होती, डॉक्टरने चांद्याला न्यायला सांगितलं, पण तुला खाटेवरून हलवायचीच सोय राहिली नव्हती. एका दुपारी तू जरा शुद्धीत होतास. मी कानाला तोंड लावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "काय म्हनतं? मोठ्यानं बोल ना."

गिरजाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती.

"पाणी पायजे का?" मी ओरडले.

तू मान हलवलीस. पाणी प्यायलास. दोन दिवसांनी गेलास.

काल रविवार. मॅनेजर भेटायला आला होता. टोपी काढून यंत्रासमोर जरा वेळ उभा राहिला. म्हणाला, "आदमी का हाथ बहुत अच्छा था. उस दिन भी अच्छा था. वाटी खाली किया तो कॉफी का चकती हम देखा, एकदम सीधा." मी विचारलं, मग नेलं का नाही? त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "बाई, सीटी हम को सुनाई दिया. तुम को भी सुनाई दिया. तुम हाथ नहीं उठाया. जिस घर का मन नहीं, उस घर का आदमी हम कैसे ले जाएगा?"

रागावला नव्हता तो. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मला विचारायचं होतं की साहेब, तुम्हाला कळलं होतं तर एक शब्द त्याला का नाही बोललात, कपावर बोट ठेवून, माझ्याकडे बोट दाखवून, कसंही. पण ते कोणत्या तोंडाने विचारणार? त्याने एक रविवार गप्प काढला. मी पाच महिने काढले.

तो गेल्यावर मी दार लावलं. भर दुपार होती, बाहेर ऊन रखरखत होतं. तुझ्या खाटेसमोर उभी राहिले आणि पोटात होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "भाऊ, तुहा हात बराबर होता! म्याच खूण नाई केली! मुद्दाम नाई केली!"

तट्ट्यापलीकडची भांडी थांबली.

"काय झालं वो बाई?" गिरजाबाई म्हणाली. "कोनाले बोलून राह्यल्या?"

"कोनालेच नाई," मी म्हणाले.